खाणीच्या वळणापुढे

शनिवारी दुपारी वहिनी कात्र्या मोजत होत्या आणि त्यांच्या मांड्या आतून ठणकत होत्या. इस्पितळाच्या तळघरात हत्यारं निर्जंतुक करायची खोली होती, तिथे त्यांची नोकरी. वर ऑपरेशन झालं की रक्ताळलेली हत्यारं खाली येत. ती धुवायची, एकेका चिमट्याचा सांधा उघडून भिंगाखाली बघायचा, ट्रेमध्ये ठरल्या जागी लावायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या भट्टीत सारायची. सगळं उभ्यानं. त्या खोलीत खुर्ची ठेवावी असं आजवर एकाही साहेबाच्या मनात आलं नव्हतं, कारण साहेब तिथे कधी दोन मिनिटांच्या वर थांबलेच नव्हते.

"ताई, लंगडताय का?" भट्टीवरच्या बाईनं विचारलं.

"उद्या घाट आहे."

"मग आजच कशाला लंगडताय?"

"हे तयारीचं लंगडणं आहे," वहिनी म्हणाल्या. "घाटाचं उद्यापासून."

इस्पितळात ताई असल्या तरी सायकलच्या क्लबात, गल्लीत आणि नणंदेच्या तोंडी त्या वहिनीच होत्या, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. आणि त्यांच्या नवऱ्याला सर म्हणू. ते शाळेत पी.टी. शिकवायचे, गळ्यात शिट्टी असायची, आणि ती घरी आल्यावर काढायचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही. सरांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, ते म्हणजे आणखी थोडी मेहनत. सर्दी झाली, पळा. झोप येत नाही, जोर काढा. घाट चढवत नाही, तर मग काय विचारता!

घाट वर्षातून एकदा असायचा. क्लबातली सगळी मंडळी शर्यतीच्या बारीक चाकांच्या सायकली घेऊन पायथ्याशी जमायची आणि आपापल्या वकुबाप्रमाणे वर जायची. त्याची तयारी मात्र तीन महिने चालायची. वहिनी ड्यूटीवरून आल्या की पाठीला वाळूची पिशवी बांधून जिन्यानं चढउतार. मग भिंतीला पाठ लावून, खुर्चीवर बसल्यासारखं पण खुर्चीशिवाय बसायचं, चहाचं पाणी उकळेपर्यंत. पाणी कधी नव्हे इतका वेळ घ्यायचं. सुट्टीच्या दिवशी गोदामामागचा चढ, वर जायचं, खाली यायचं, परत वर, आणि दरवेळी सरांची शिट्टी. दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला पुन्हा पायांवरच घालायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण वहिनी करायच्या. सर मनानं वाईट नव्हते. रात्री वहिनींच्या पोटऱ्यांना तेल लावून द्यायचे, बाटल्या भरून ठेवायचे, सायकल पुसून लखलखीत करायचे. वाईट असते तर फार सोपं झालं असतं.

आणि एवढं करूनही दरवर्षी तेच व्हायचं. पायथ्यापासून झाडीतला रस्ता बरा होता. मग जुन्या दगडाच्या खाणीपाशी रस्ता वळायचा आणि वळताक्षणी अंगावर यायचा. तिथे वहिनींचे पाय पेडलवर नुसते उभे राहायचे. पेडल खाली जायचंच नाही. सायकल डुगडुगायची, आणि पडण्यापेक्षा उतरलेलं बरं म्हणून त्या उतरायच्या. थोडं अंतर सायकल ढकलत जायच्या, मग रस्त्याकडेच्या एका सपाट दगडावर बसायच्या. सर केव्हाच पुढे गेलेले असायचे. बऱ्याच वेळानं ते वरून भरधाव यायचे, मोबाइलवर फोटो दाखवायचे. माथ्यावरच्या पाटीला टेकवलेली सायकल. "काय वारा होता गं वर! एका दमात चढलो." मग दोघं मिळून खाली. असे बारा फोटो झाले होते. माथा वहिनींनी फोटोतच पाहिला होता.

यंदा त्यांनी मनाशी ठरवलं होतं. खाणीपाशी पाय टेकला, तर सायकल कुणालातरी देऊन टाकायची आणि हा विषय मिटवायचा. ऐकायला हे सोपं वाटतं, पण तसं ते नव्हतं. मुलगी शिकायला दूर गेल्यापासून घरात दोघंच, आणि तीही एकमेकांच्या उलट्या वेळांना. सर मुलांच्या सामन्यांना गेलेले, तर वहिनी रात्रपाळी करून झोपलेल्या. आठवडाभर बोलणं काय, तर गॅस बंद केलास का आणि किल्ली कुठे आहे. रविवारी सकाळी सायकली बाहेर काढल्या की मात्र दोघं बोलायची. मुलीबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, कशाबद्दलही. सायकल सोडली तर हा रविवारही जाणार होता, आणि मग या लग्नात नक्की काय उरतं, याचा हिशोब करायला वहिनी धजत नव्हत्या. पण दरवर्षी त्या दगडावर बसून आपण कमी पडलो हे नव्यानं शिकायचं, त्याचाही आता वीट आला होता.

हे सगळं त्या एकाच व्यक्तीजवळ बोलल्या, ती म्हणजे नणंद. नणंद म्हणजे काडी लावणारी, अशी जगाची समजूत आहे. सरांच्या या बहिणीला घरात धाकटी म्हणायचे, आणि काडी तिनंच लावली हे खरं, पण ती योग्य ठिकाणी लावली.

धाकटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सायकल चालव, पण गुडघ्यावर जोर नको. म्हणून तिनं सायकलीचे गिअर बदलून घेतले होते. शर्यतीच्या सायकलीला मागच्या चाकावर लहानमोठ्या दातेरी चकत्या एकीला एक लागून असतात. साखळी लहान चकतीवर असली की सपाटीला वेग मिळतो. मोठ्या चकतीवर चढवली की पाय हलका होतो, चाल मंदावते, पण चढ कापता येतो. धाकटीनं सगळ्यात मोठी चकती चांगली रुंद बसवली होती. घाटाच्या आठवडाभर आधी सरांनी ती पाहिली आणि ते पोट धरून हसले.

"अगं, मागे परात कशाला बांधलीस? असल्या गिअरवर चढण्यापेक्षा चालत जावं माणसानं."

"दादा, तू तुझी शिट्टी सांभाळ," धाकटी म्हणाली.

तो वाद तिथेच राहिला. पण दुसऱ्या दिवशी गोदामामागच्या चढावर वहिनी तिसऱ्यांदा वर येऊन धापा टाकत होत्या, सर अजून शाळेतून यायचे होते, आणि धाकटी शेजारी उभी राहून बघत होती. बघता बघता तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"वहिनी, माझी सायकल जरा चालवून बघ. कुठूनतरी आवाज येतोय."

दोघींची उंची सारखीच होती. वहिनी बसल्या, चढाला लागल्या, धाकटीनं मागून ओरडून सांगितला तो गिअरचा खटका दाबला. पाय एकदम रिकामे फिरले. साखळी निखळली असं वाटून त्यांनी खाली पाहिलं. साखळी जागेवर होती. सायकल पुढे जात होती. चढ तोच होता आणि त्या बसल्या बसल्या तो चढत होत्या.

"आवाज कसलाच येत नाहीये," वर पोचून त्या म्हणाल्या.

"येणार कुठून? नवी कोरी आहे," धाकटी म्हणाली. "आता स्वतःच्या सायकलीचे दाते मोज."

मोजणं हा वहिनींचा पेशाच. त्या खाली बसल्या आणि बोट ठेवत ठेवत मोजलं. धाकटीच्या मोठ्या चकतीला चौतीस दाते होते. त्यांच्या स्वतःच्या सायकलीच्या सगळ्यात मोठ्या चकतीला पंचवीस.

"ही शर्यत मारणाऱ्या तरण्या पोरांची चकती आहे," धाकटी म्हणाली. "ही घेऊन तू बारा वर्षं खाणीपर्यंत जातेस? वहिनी, तू कमकुवत नाहीस गं. तू रेडा आहेस."

त्या संध्याकाळी वहिनींनी विषय काढला. जेवायच्या टेबलाच्या जागी त्यांच्या घरात सायकली टांगायचा स्टँड होता. सर तिथे वहिनींच्या सायकलीची साखळी पुसत बसले होते.

"अहो, माझ्या सायकलीचे गिअर कुठून आणले होतेत?"

"कुठून म्हणजे? माझेच आहेत. मी नवे घेतले की माझे जुने तुला. उत्तम कंपनीचे आहेत, टाकून कसे द्यायचे?"

"पण तुमचे पाय आणि माझे पाय..."

"पायांचं काही नसतं. आधी ताकद आणायची. हलका गिअर लावला की पाय आळशी होतात." सरांनी साखळी दिव्याकडे धरून पाहिली. "अजून थोडा जोर लाव, यंदा तू जाणार वर. मला माहितेय."

ते हे इतक्या प्रेमानं म्हणाले की वहिनींना भांडता येईना. भांडायलाही अंगात जीव लागतो. त्यांनी दिवा मालवला आणि धाकटीला फोन करून रविवारसाठी सायकल मागितली.

धाकटी सायकल घेऊन आली तेव्हा एवढंच म्हणाली, "शिट्टीकडे लक्ष देऊ नकोस. एक अख्खं वाक्य बोलता येईल इतकाच दम लागू दे. त्यापेक्षा जास्त लागला की हळू जा. लाजू नकोस."

पायथ्याशी सरांनी ती सायकल पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "उसनं अवसान," ते म्हणाले. मग स्वतःलाच वाईट वाटून त्यांनी वहिनींच्या चाकांची हवा तपासली आणि बाटली नीट बसवून दिली. "बरं. मी वर भेटतो," असं म्हणाले आणि नेहमीप्रमाणे पुढे निघून गेले.

झाडीतल्या रस्त्यानं वहिनींना सगळ्यांनी मागे टाकलं. त्यांनी टाकू दिलं. मनातल्या मनात त्या वाक्यं बोलून बघत होत्या. गॅस बंद केला आहे. किल्ली शेजारी दिली आहे. उद्या रात्रपाळी आहे. वाक्य पुरं होत होतं. मांड्या दुखत होत्याच, तीन महिन्यांची ती दुखणी एका रात्रीत थोडीच जाणार, पण पाय फिरत होते. खाणीचं वळण आलं. रस्ता अंगावर आला. त्यांनी शेवटचा खटका दाबला आणि मान खाली घातली, कारण त्या सपाट दगडाकडे बघायची त्यांना भीती वाटत होती. मान वर केली तेव्हा दगड मागे राहिला होता.

पुढचा रस्ता त्यांनी कधीच पाहिला नव्हता. डोंगराला गुंडाळल्यासारखी एकावर एक वळणं होती. आणि वरच्या वळणावर त्यांना सर दिसले.

सर पेडलवर उभे राहून झगडत होते. सायकल डावीउजवीकडे हेलकावत होती. मग ते रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जाऊ लागले, चढ थोडा कमी लागावा म्हणून. मग थांबले, पाय टेकला, उतरले, आणि बसायच्या जागेवर हात ठेवून सायकल ढकलत चालायला लागले. खाली घातलेली मान, वाकलेली पाठ. वहिनींना क्षणभर वाटलं, हे दुसरंच कोणी असेल.

त्या जवळ गेल्या. साखळीची टिकटिक ऐकून सर चटकन कडेला झाले, खडकाकडे तोंड करून चाकावर वाकले आणि मागे न बघताच म्हणाले, "काही नाही, काही नाही, साखळी जरा घासतेय. तुम्ही व्हा पुढे."

ते वाक्य फार घोटलेलं होतं. ते आजचं नव्हतं.

"तुमची साखळी काल रात्री तुम्हीच पुसली होतीत," वहिनी म्हणाल्या.

सरांनी वळून पाहिलं. ते परत चालू लागले, करणार काय दुसरं. आणि वहिनी पेडल मारत त्यांच्या बाजूनं निघाल्या. त्या परातीचा एक गुण असा की चालणाऱ्या माणसाच्या चालीनंही न पडता चढता येत होतं.

"किती वर्षं झाली?"

"सुरुवातीची तीनचार वर्षं चढलो होतो गं. खरंच. मग जमेना." सरांना श्वास पुरत नव्हता. "शेवटच्या वळणाआधी परत बसतो. वर क्लबातले लोक असतात."

"आणि मी खाली दगडावर बसून काय समजायचे, ठाऊक आहे? की तुम्ही वर आहात आणि मी नालायक आहे."

"तुला सांगितलं असतं तर तू सोडून दिलं असतंस," सर म्हणाले. "मला वाटायचं, निदान एकानं तरी वर पोचायला हवं. नाहीतर मग आपण रविवारी एकत्र येतो कशाला?"

म्हणजे यांनाही तीच भीती होती. इतकी वर्षं दोघं याच रस्त्यावर सायकली ढकलत चालत होती, मध्ये दोनचार वळणं होती म्हणून एकमेकांना दिसत नव्हती. वहिनींना सरांची कीव आली. आणि लगेच तिच्या मागोमाग राग आला, असा की हँडल धरलेली बोटं पांढरी पडली. तेल लावणारा, बाटल्या भरणारा हा माणूस, त्यानं एक खरं वाक्य बोलायचे तेवढे कष्ट घेतले नव्हते.

"मी पुढे जाते," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

माथा म्हणजे काय, तर एक पत्र्याची शेड, पाण्याचा नळ, ती पाटी आणि बसायला दगडी कठडा. नळापाशी क्लबातली पाचसहा मंडळी होती. "अरे, वहिनी! आज वर? आणि सर?" कोणीतरी ओरडलं. टाळ्या वाजल्या. "येताहेत," वहिनी म्हणाल्या आणि कठड्यावर जाऊन बसल्या. आनंद व्हायला हवा होता. घाट अवघड होता, घामानं निथळायला झालं होतं, पण तो चढण्यासारखा होता. असे गिअर असते तर पहिल्या वर्षीही चढता आला असता. तेच आत रुतून बसलं होतं. त्यांनी रुमालात तोंड घातलं आणि घाम पुसल्याचं करून थोडं रडून घेतलं.

मग त्या शेवटच्या वळणाकडे बघत राहिल्या. वळणानंतर रस्ता जवळजवळ सपाट होता, तिथे लहान पोरानंही पेडल मारलं असतं. सर आता वळणाआड सायकलीवर बसणार, ताठ होणार, आणि दरवर्षीसारखे दिमाखात येणार. तसे आले तर वहिनी आज संध्याकाळीच सायकल सोडणार होत्या. खाणीचा आता काही संबंध उरला नव्हता. शेजारी बसून खोटं ऐकायची ताकद संपली होती, आणि ती कुठल्याही व्यायामानं येणारी नव्हती.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग सर आले. चालत आले. एका हातानं सायकल धरून, बुटांचे कडक तळवे डांबरावर टकटक वाजवत, त्या सपाट रस्त्यावरून, सगळ्यांसमोर.

"सर, पंक्चर?" नळावरून कोणीतरी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "पाय संपले. खालीच संपले." आणि थोडं थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दरवर्षी संपतात."

नळ कोणीतरी बंद केला. सरांनी सायकल पाटीला टेकवली. फोटो काढला नाही. ते कठड्यापाशी आले आणि उभेच राहिले, परवानगी मागितल्यासारखे. वहिनींचा राग गेला नव्हता. तो एका सकाळीत जाणारा नव्हताच. पण त्या थोड्या सरकल्या, आणि सर बाजूला बसले.

"दमलो गं," ते म्हणाले.

"मग म्हणायचं ना तसं," वहिनी म्हणाल्या. "मी खालीच तर बसलेली असायचे."